भिंतीवरच्या एकशे बहात्तर

भिंतीवर सत्तावीस गोगलगायी होत्या. भिंतीची लांबी बावीस मीटर, उंची तीन. समोर माणसं तीन, त्यांपैकी चष्मेवाली दोन. स्टुलं चार. चौथं स्टूल माझ्यासाठी ठेवलंय हे कळायला मला अकरा मिनिटं लागली, कारण कोणी बोलतच नव्हतं.

मोजताना बोलायचं नाही, हा तिथला नियम होता. कोणाच्या तोंडून आकडा निसटला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मला हे माहीत नव्हतं. मी बागेत शिरल्याशिरल्या विचारलं होतं, "सात वाजता इथेच यायचं होतं ना?" त्या 'सात'मुळे तिघेही मुकाट्याने भिंतीच्या उजव्या टोकाला परत गेले होते.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. रोज साठ बाटल्या येतात, प्रत्येकीतल्या पाण्यात काय काय आहे ते मी दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिते. नोकरीसाठी आत्याकडे राहायला येऊन तेव्हा सात महिने झाले होते. कामाच्या बाहेर महिनाभरात किती जणांशी बोलणं झालं याची मी एकदा वहीत नोंद ठेवली. नऊ. त्यांतल्या पाच जणांनी रस्ता विचारला होता आणि तिघांना मी चुकीचा सांगितला होता.

ती वही आत्याच्या हाती लागली. "अगं, बाटल्यांशी बोलून कोणी मैत्रिणी मिळवल्यात का?" ती म्हणाली आणि मला माणसांत ढकलायच्या मागे लागली. मी प्रयत्न केला नाही असं नाही. गाण्याच्या वर्गातल्या बाईंनी तिसऱ्या दिवशी मला वहीची पानं उलटायचं काम दिलं. बुद्धिबळाच्या मंडळात समोरचे आजोबा पाचव्या चालीनंतर झोपले, आणि उठून जिंकले. सकाळी चालायला जाणाऱ्या बायकांचा वेग ताशी साडेसहा किलोमीटर होता. त्या वेगाने मला एकतर चालता येतं किंवा बोलता येतं.

मग वाचनालयाच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. अक्षर ठळक, खडूने कापडावर खूण करावी तसं. 'गोगलगायी मोजायला माणूस हवा. नजर चांगली असावी. बोलणं बेताचं असलं तरी चालेल. रविवार सकाळी सात, बागेची मागची भिंत.'

चिठ्ठी टेलरकाकांनी लिहिली होती. वय एकाहत्तर, दुकान मुलाला सोपवलेलं, गळ्यातला टेप मात्र गळ्यातच. चाळीस वर्षं माणसं मापं देताना हलतात याचा त्यांना ताप झाला होता, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना पहिल्यांदा असं गिऱ्हाईक मिळालं जे हललं तरी चालण्यासारखं होतं. दुसऱ्या दातताई. त्या दाताच्या डॉक्टर, दवाखाना बागेसमोरच. गोगलगायीच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात हे त्यांनी कुठेतरी वाचलं, आणि तेव्हापासून त्यांचं या जातीवर प्रेम बसलं. हजारो दात आणि एकही दुखत नाही, असं त्या म्हणायच्या तेव्हा त्यांचा आवाज ओला व्हायचा. तिसरा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. त्याला सगळे वरखाली म्हणत, मी वरखालीदादा म्हणू लागले. दिवसभर लोक त्याला 'किती वेळ लागेल' असं विचारून भंडावून सोडत. गोगलगायीला हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तो येत असे.

मोजून झालं की सगळे बागेतल्या खोलीत जमायचे. आठ फूट बाय दहा फूट, पत्र्याचं छप्पर, एक टेबल आणि एक चहाची किटली. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली घडी घातलेलं पुठ्ठ्याचं खोकं. प्रत्येकाने आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची, मग चारही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. कोणी कोणाचं पाहून लिहू नये म्हणून. आमच्या प्रयोगशाळेत इतकी काळजी घेत नाहीत.

त्या दिवशी तीन चिठ्ठ्यांवर सत्तावीस होते आणि वरखालीदादाच्या चिठ्ठीवर अठ्ठावीस. "म्हणजे सत्तावीस धरा," दातताई म्हणाल्या.

"सरासरी २७.२५," मी म्हणाले. बागेत शिरल्यापासूनचं माझं ते दुसरं वाक्य होतं.

टेलरकाकांनी चष्मा वर केला. "सव्वासत्तावीस. बरं. आता ती पाव गोगलगाय कुठे आहे ते दाखव."

"ती शिलाईत गेली असेल काका," वरखालीदादा म्हणाला. त्यानंतर मला कोणी नावाने हाक मारली नाही. मी दशांश झाले. घरी जाऊन मी वहीत नऊच्या खाली नवीन रकाना आखला आणि त्यात तीन लिहिलं. पेन्सिलीने, खोडता येईल असं.

दर रविवारी मी जाऊ लागले. गोगलगायींना नंबर द्यायची कल्पना माझी. दातताईंनी नेलपॉलिशची बाटली आणली, त्या स्वतः कधी लावत नसत, भेट आलेली होती. शंखावर बारीक अक्षरात नंबर घालायचं काम टेलरकाकांनी घेतलं. सुईत दोरा ओवणारा हात, अजून थरथरत नव्हता. कोणती कुठून कुठे गेली ते मी वहीत मांडायचे. एक नंबर भिंतीभर हिंडायची. सात आणि अकरा एकमेकींना सोडायच्या नाहीत. आणि चार नंबर हलायचीच नाही.

भिंतीला पाइपाजवळ एक तडा होता, त्याच्या कडेला चार नंबर चिकटलेली असायची. पहिल्या रविवारी तिथेच, पाचव्या रविवारी तिथेच. वरखालीदादाने तिला तपासून सांगितलं की ही बंद पडलीय आणि या मॉडेलचा पार्ट आता मिळत नाही. दातताईंचं मत, भूल उतरली नसावी. मी सांगितलं की कोरड्या हवेत गोगलगाय शंखाच्या तोंडावर पातळ पापुद्रा धरते आणि महिनोन्महिने तशीच राहू शकते.

"म्हणजे झोपलीय," टेलरकाका म्हणाले. "मग शास्त्रात तेच सांगायला एवढी वाक्यं लागतात होय?"

काका दर रविवारी टेप लावून तड्यापासून तिचं अंतर मोजायचे आणि 'जैसे थे' असं लिहायला सांगायचे. मी शून्य पूर्णांक शून्य लिहायचे. यावर आमचा वाद व्हायचा, आणि त्या वादासाठी मी आठवडाभर वाट पाहायचे हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

नवव्या रविवारी बागेचे मुकादम खोलीच्या दारात आले. मुकादम म्हणजे बागेतल्या झाडांपासून नळांपर्यंत सगळ्याचे कारभारी. उंच, वाकलेले, बोलताना माणसाकडे न बघता कुंडीकडे बघणारे. त्यांच्या हातात वरून आलेला कागद होता. बागेसाठी गवत कापायचं नवीन यंत्र यायचं होतं आणि ते ठेवायला जागा नव्हती. खोली 'गोगलगाय गणने'साठी दिलेली, तेव्हा गणना करण्याजोग्या गोगलगायी आहेत की नाहीत ते बघावं. सलग तीन रविवार वीसच्या खाली भरल्या तर खोली रिकामी करावी. तिसऱ्या रविवारी मुकादमांनी स्वतः मोजून आकडा रजिस्टरात लिहावा.

"मुकादम, रजिस्टर तुमचं, पेन तुमचं," वरखालीदादा म्हणाला.

"आकडा मी खोटा लिहिणार नाही," मुकादम कुंडीला म्हणाले. "सव्वीस वर्षांत लिहिला नाही."

आम्हीही लिहिला नसता. चिठ्ठ्या कशासाठी घालत होतो मग.

हवा कोरडी होत चालली होती. त्या रविवारी एकोणीस भरल्या. त्याच्या पुढच्या रविवारी चौदा. चहा पिताना कोणी चेष्टा केली नाही. दातताईंनी विचारलं, खोली गेली तर कुठे भेटायचं. दवाखान्यात रविवारी रंगाचं काम चालू होतं. टेलरकाकांच्या दुकानात मुलगा कोणाला बसू देत नव्हता. वरखालीदादा बारा जणांत दोन खोल्यांत राहत होता. "बघू," काका म्हणाले. मोठ्या माणसांचं 'बघू' म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. शाळेतल्या, कॉलेजातल्या सगळ्या मैत्रिणींशी माझं शेवटचं बोलणं 'बघू' वरच संपलंय.

घरी येऊन मी हिशेब मांडला. सत्तावीस, पंचवीस, एकोणीस, चौदा. रेघ ओढली तर तिसऱ्या रविवारी आकडा नऊच्या आसपास. वीसला अकरा कमी. आकडा खोटा लिहायचा नव्हता, पण भिंतीवर गोगलगायी खरोखर असल्या तर आकडा खरा होतो, असं माझ्या डोक्यात आलं. हा विचार किती सडका आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. कोणी आमच्या प्रयोगशाळेत नमुन्यात नळाचं पाणी ओतलं असतं तर मी त्याला दारातून आत घेतलं नसतं.

आत्याच्या गच्चीवर साठ कुंड्या. त्यांतल्या गोगलगायींनी तिच्या नाकी नऊ आणले होते. शनिवारी संध्याकाळी मी अकरा वेचल्या. मग त्यांतल्या काही भिंतीवरून उतरून जातील, काही पानाआड दडतील, असा अंदाज धरून तीस केल्या. आत्या जिन्यात उभी राहून बघत होती.

"इतके दिवस मी ओरडत होते तेव्हा एकही काढली नाहीस," ती म्हणाली. "आज काय नड आलीय?"

मी अभ्यासासाठी लागतात असं काहीतरी पुटपुटले. डबा बघून, माझा चेहरा बघून ती हसायला लागली. "गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते तुलाच."

एक अडचण होती. माणसाच्या हाताने ठेवलेल्या वस्तू माणसाने ठेवल्यासारख्या दिसतात. म्हणून मी रात्री जेवणाआधीच यदृच्छ, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या, संख्यांच्या तक्त्यातून तीस जोड्या काढल्या. पहिली संख्या उजव्या टोकापासूनचं अंतर, दुसरी जमिनीपासूनची उंची. कोणी कितीही बघितलं तरी त्यात कसलीही रचना सापडणार नव्हती. याचा मला जरा अभिमानही वाटला, ते लपवण्यात अर्थ नाही.

रविवारी पहाटे पावणेसहाला मी बागेत पोचले. उजाडायला तासभर होता, धुकं होतं. टॉर्च लावण्याची सोय नव्हती. मोबाइलचा उजेड पिशवीत ठेवून, टेप लावून, मधल्या आठ मीटरमध्ये मी एकेक गोगलगाय तिच्या जागी ठेवत गेले. सतराव्या गोगलगायीला भिंतीच्या उजव्या टोकाकडून कोणीतरी खोकलं. मी झटकन खाली बसले. मग त्या टोकालाही कोणीतरी खाली बसलं, कारण दोन गुडघे एकामागून एक वाजले. पाच मिनिटं कोणी हललं नाही. राखणदार असेल, असं मी ठरवलं. राखणदाराने लपून का बसावं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखवणाऱ्याला दुसऱ्याचा घसा ऐकू येत नाही हे कोणी सांगत नाही. पाइपाच्या बाजूला काहीतरी लोखंडी आपटल्यासारखंही झालं. मी राहिलेल्या तेरा घाईघाईने लावल्या आणि समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसले.

सातला सगळे जमलो. आज सगळ्यांना एकदम वेळेवर यायचं सुचलं होतं. टेलरकाकांच्या गुडघ्यांना माती लागली होती. दातताईंच्या हातात दवाखान्यातले हातमोजे होते. वरखालीदादा जांभया देत होता. मुकादम बगलेत रजिस्टर घेऊन आले आणि नेहमीसारखे कुंडीकडे बघत उभे राहिले. धुकं विरलं आणि भिंत दिसली.

उजव्या टोकाला, कमरेच्या उंचीवर, दीड दीड इंचाच्या अंतराने छत्तीस गोगलगायी एका आडव्या रेषेत बसल्या होत्या. त्यांच्या पुढे पाइपाशेजारी एक्केचाळीस गोगलगायींची उभी रांग, जमिनीपासून थेट भिंतीच्या माथ्यापर्यंत, ओळंबा लावल्यासारखी सरळ. डाव्या टोकाला सोळा सोळाच्या दोन कमानी, वरची उलटी, खालची सुलटी. खोलीच्या बाजूला सहा सहाच्या चार ओळी. आणि मध्ये माझ्या तीस, जिथे कसलीही रचना नव्हती.

पण मोजताना बोलायचं नाही. आम्ही पाच जण उजवीकडून डावीकडे सरकत गेलो. कोणी कोणाकडे बघितलं नाही. कमानींपाशी टेलरकाका दोनदा थांबले. पाइपापाशी दातताईंनी मान वर केली आणि बराच वेळ खाली केली नाही. माझ्या तिसाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, एवढं मात्र खरं.

खोलीत चिठ्ठ्या उघडल्या. चार चिठ्ठ्यांवर एकशे बहात्तर. काकांच्या चिठ्ठीवर एकशे एकाहत्तर.

"१७१.८," मी म्हणाले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

मुकादमांनी रजिस्टर उघडलं, पेनचं टोपण काढलं आणि थांबले. मग त्यांनी वरून आलेल्या कागदाची मागची बाजू वाचली, जी आजवर कोणी वाचली नव्हती. कोणत्याही सरपटणाऱ्या किडीची संख्या शंभराच्या वर गेली तर बागेचं रक्षण म्हणून त्याच दिवशी औषध फवारावं. भिंत, वाफे, सगळीकडे.

अति तेथे माती झाली होती. मुकादमांच्या पेनाचं टोक कागदाच्या वर दोन सेंटिमीटर अडलं होतं. खाली आकडा उतरला की दुपारपर्यंत एक नंबर, सात, अकरा, चार, सगळ्या संपणार. नाही उतरला तर मुकादमांची सव्वीस वर्षं. आणि हा आकडाच बनावट आहे हे खरं सांगितलं तर दोन्ही वाचतील, पण आकडे बनवणारी म्हणून माझं चौथं स्टूल जाणार. मला वाटलं होतं की असा निर्णय घ्यायला फार वेळ लागतो. चार सेकंद लागले.

"मुकादम, लिहू नका," मी म्हणाले. "त्यांतल्या तीस माझ्या आहेत. पहाटे मी आणून ठेवल्या."

मी वही टेबलावर ठेवली, तीस जोड्यांचं पान उघडून. स्टुलावरून उठलेही.

वरखालीदादाने पान स्वतःकडे ओढलं. "तीस नक्की? साडेतीस नाहीत ना?"

"नक्की."

"बस खाली," तो म्हणाला. "एक्केचाळीस माझ्या. लिफ्टच्या खड्ड्यात असतात, ओल असते तिथे. शिडी होती म्हणून रांग सरळ आली, त्याला मी काय करू."

टेलरकाका खोकले. तो खोकला मी पहाटे ऐकला होता. "माझ्या तीन डझन," ते म्हणाले. "दुकानामागच्या गटारातल्या. बटणांच्या डब्यात आणल्या."

"तरीच," दातताई म्हणाल्या. "मला वाटलं भिंतीला सदरा कोणी घातला."

"तू बोलू नकोस. भिंतीला अख्खी कवळी बसवलीस ती?"

दातताईंनी हातमोजे पर्समध्ये टाकले. बत्तीसच्या बत्तीस त्यांनी एका पेशंटकडून मिळवल्या होत्या, त्याची रोपवाटिका होती. गोगलगायी द्याल का, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यात आरसा होता. नाही म्हणणं त्याला जमलं नाही. "ठेवताना मी काही ठरवून ठेवल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "हाताला सवय असते."

मी तोवर बेरीज केली होती. तीस, एक्केचाळीस, छत्तीस, बत्तीस. एकशे एकोणचाळीस. वजा केले तर तेहेतीस उरत होत्या. शंभराच्या खाली, वीसच्या वर. मी आकडा सांगितला तेव्हा काकांनी टेबलावर थाप मारली, आखूड पायाखालचं खोकं सरकलं आणि चहा सांडला, आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. खोली वाचली होती.

मुकादम कुंडी शोधत होते. खोलीत कुंडी नव्हती. शेवटी त्यांनी किटलीकडे बघितलं.

"त्यांतल्या चोवीस माझ्या," ते किटलीला म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले, म्हणून त्यांना पुढे बोलावं लागलं. वाफ्यांतल्या गोगलगायी वेचणं त्यांचं कामच. पूर्वी लांब नेऊन टाकायचे. मग रविवारी आम्ही दिसायला लागलो, तेव्हापासून अधूनमधून दोन-चार भिंतीवर सोडायचे. खोलीतून हसण्याचे आवाज येतात ते त्यांना आवडायचं. ऐकायला म्हणून ते दर रविवारी खोलीमागची कुंडी पुसायचे. आता आम्हाला कळलं की बागेतली तेवढी एकच कुंडी चकचकीत का होती.

"मग आत का नाही आलात हो कधी?" दातताईंनी विचारलं.

"कोणी बोलावलं नाही," मुकादम म्हणाले.

उरल्या नऊ. माझी रेघ बरोबर आली होती, पण कोणी तिचं कौतुक केलं नाही आणि मीही वही मिटली.

मग ज्याच्या त्याने परत वेचायच्या असं ठरलं, तर तोवर त्या चालू लागल्या होत्या. बटणांची रांग विस्कटली, कवळीचे सहा दात उभ्या रांगेत शिरले. काका एका गोगलगायीला घेऊन म्हणाले, ही माझी, हिला दोरा चिकटलाय. वरखालीदादाने तिचा वास घेऊन सांगितलं की हिला वंगणाचा वास येतो, म्हणजे लिफ्टची. मुकादमांच्या तेवढ्या ओळीत होत्या. माझ्या कोणत्याच जागी नव्हत्या, आणि जागा यदृच्छ असल्यामुळे त्या हलल्यात की नाहीत हे वहीशिवाय सांगता येत नव्हतं. दीड तास लागला. शेवटी नंबरवाल्या तेवढ्या राहिल्या. पुन्हा मोजल्या, न बोलता. पाच चिठ्ठ्या, पाचांवर नऊ.

मुकादमांनी रजिस्टरात नऊ लिहिलं. सही केली. सही करताना त्यांचं अक्षर जरा वाकडं आलं. भिंत सुकलीय, ओल नसेल तर उरलेल्याही जातील, एवढं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

आम्ही किटली पुसून वरखालीदादाच्या पिशवीत ठेवली. दारातून बाहेर पडताना काका म्हणाले, "बघू."

तीस गोगलगायी परत आल्या तेव्हा आत्या गच्चीतच होती. पाहुणे घालवल्यावर सामान विसरलं म्हणून परत यावेत तसा तिचा चेहरा झाला. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली की बाई गं, चौघांनी चार दिशांनी पहाटे उठून एकमेकांसाठी गोगलगायी चिकटवल्या, आणि तू अजून पेन्सिलीने लिहितेस?

बुधवारी गवताचं यंत्र आलं. मी कामावरून येताना बघितलं, खोलीला कुलूप होतं. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी कोणाचा निरोप आला नाही. कोणाकडे कोणाचा फोन नंबरच नव्हता. लागलाच नव्हता कधी.

रविवारी मी आत्याच्या स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं. निदान नऊ जणींची नोंद तरी पुरी करावी, असं मी आत्याला सांगितलं. तिने विश्वास ठेवल्यासारखं केलं आणि चप्पल घातली. "मलाही बघू दे माझ्या कुठे राहून आल्या ते," ती म्हणाली.

सहा वाजून बावन्न मिनिटांनी आम्ही बागेच्या मागे पोचलो. भिंत खालून दीड मीटरपर्यंत ओली होती आणि पाण्याची नळी कुंडीपाशी गुंडाळून ठेवलेली होती. भिंतीसमोर दवाखान्यातलं फिरतं स्टूल होतं, त्यावर दातताई. लिफ्टमधली जुनी लाकडी बैठक होती, त्यावर वरखालीदादा, मांडीवर किटली. मुकादमांनी एक पालथी बादली आणली होती, पण ते तिच्यावर बसले नव्हते, शेजारी उभे होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात वरखालीदादाने बोट ओठांवर ठेवलं. मोजणी चालू होती. आत्याला कोणी काही विचारलं नाही, मुकादमांनी फक्त बादली तिच्याकडे सरकवली.

टेलरकाका पाइपाजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. टेपचं एक टोक त्यांनी तड्याच्या कडेला धरलं होतं आणि दुसरं टोक वर, चार नंबरच्या शंखाशी. ते दोनदा वाचून मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सव्वा इंच," ते कुजबुजले.

सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागणार होतं. मी पिशवीतून पट्टी काढली आणि लावली.

३.२ सेंटिमीटर.